पॅकेजमधलं "आदिवासी दर्शन" बंद करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात उन्हाळी टूरची पानभर जाहिरात आली होती, त्यात आंध्रातल्या विशाखापट्टणम-अराकूचं पॅकेज होतं, खाली लाल अक्षरात "आदिवासी गावाची सफर आणि आदिवासी नृत्य" आणि वर फोटो, गुडघ्यापर्यंत साड्या नेसलेल्या बाया पाठीमागून एकमेकींचे हात धरून रांगेत नाचताहेत. तो फोटो पाहून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण तो आमच्याच टूरमधला आहे, जानेवारीतला, मागे रिसॉर्टच्या निळ्या खुर्च्या आहेत, त्या खुर्च्यांवर आमचीच मंडळी बसली आहेत, आणि रांगेत डावीकडून जी चौथी बाई आहे तिचा हात मी त्या रात्री धरला होता. म्हणून हे पत्र लिहून राहिली. थोडं लांब होईल, जागेसाठी कापायचं असेल तर कापा, पण जेवणाचा आणि हिशोबाचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगते म्हणजे मी हे काहून बोलून राहिली ते समजेल. मी आरोग्य खात्यात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होती, ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली १९ गडचिरोली जिल्ह्यात, आधी धानोरा तालुका मग एटापल्लीकडे. निवृत्त झाल्यावर नागपुरात मानेवाड्याला घर केलं. आयुष्यभर जंगलातल्या गावात फिरली पण फिरायला म्हणून कुठे गेली नव्हती, समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, तर मुलाने आम्हा दोघांचे पैसे भरले आणि आम्ही ३४ जणांच्या ग्रुपसोबत समता एक्स्प्रेसने नागपूरहून निघालो. टूर कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझा राग एका कंपनीवर नाही, असं पॅकेज आता बरेच जण विकून राहिले.

विशाखापट्टणमचं जास्त सांगत नाही. समुद्र पाहिला, किनाऱ्यावर ठेवलेली पाणबुडी आतून पाहिली, कैलासगिरीला जाऊन आलो, जेवण चांगलं होतं, मॅनेजर पोरगा नम्र होता. तक्रार काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या डब्याची गाडी होती, अराकूला जाणारी. ही लाईन कोत्तवलसा-किरंदुल लाईन, पूर्ण लाईनीवर ५८ बोगदे आहेत, बोगदा आला की डब्यातली लहान पोरं ओरडायची, मोठेही ओरडायचे, मजा येत होती खरंच. दरी, झरे, धुकं, आणि अधेमधे समोरून मालगाडी यायची, लांबच लांब, काळपट लाल मातीने भरलेली. माझ्या बाजूच्या काकूंनी विचारलं ही माती कुठे नेऊन राहिले. ती माती नाही, बैलाडिलाचं लोखंड आहे. छत्तीसगडच्या दंतेवाड्यातल्या डोंगरातून निघतं आणि विशाखापट्टणमच्या बंदरात जातं, ही लाईनच मुळात १९६० च्या दशकात त्यासाठी टाकली, जपानला लोखंड पाठवायला. आपण काचेच्या डब्यात बसून जो नजारा पाहतो तो रस्ता प्रवाशांसाठी केलेलाच नव्हता. आणि बैलाडिला म्हणजे माझ्यासाठी काही परका मुलुख नाही, एटापल्ली-भामरागडच्या पलीकडे इंद्रावती ओलांडली की तोच पट्टा, तीच माडिया-मुरिया आदिवासी माणसं. आता सुरजागडच्या पहाडातूनही लोखंड निघून राहिलं, त्या ट्रकांची लाल धूळ आपल्या लोकांनी पाहिली आहे. म्हणून ती मालगाडी पाहताना मला तो नुसता नजारा वाटला नाही, एवढंच.

मग बोर्रा गुहा. चुनखडीच्या आहेत, खाली गोस्थनी नदी वाहते, वरून भोक पडून गाय आत पडली आणि गुराखी शोधायला उतरला तर त्याला शिवलिंग दिसलं अशी तिथली कथा आहे, आतमध्ये रंगीत लाईट लावले आहेत. बाहेर बांबूत कोंबडी भाजून देतात, तेल नाही काही नाही, बांबूच्या पोकळीत मसाला लावलेले तुकडे भरायचे, तोंड पानांनी बंद करायचं आणि आगीवर फिरवत राहायचं. आमच्यातल्या नॉनव्हेजवाल्यांनी तुटून खाल्ली. गुहेत तासभर होतो, पण या बोर्राच्या नावाने देशातल्या सगळ्या आदिवासींच्या जमिनीचा सगळ्यात मोठा निकाल लागला आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. परत आल्यावर माझा भाचा, जो इथे हायकोर्टात वकिली करतो, त्याने सांगितलं. बोर्राच्या आजूबाजूच्या, अनंतगिरी मंडलातल्या गावांत सरकारने खाणीसाठी खासगी लोकांना लीज दिल्या होत्या, त्याविरुद्ध समता नावाची संस्था सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९७ साली कोर्टाने सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या भागातली जमीन बिगर आदिवासीला खाणीसाठी लीजवर देता येत नाही, सरकारी जमीन असली तरी नाही. तिथे आदिवासीची जमीन दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून जमीन हस्तांतरणाचा नियम १९५९ चा आहे, १९७० मध्ये तो कडक केला, तिकडची माणसं त्याला "वन-सेव्हंटी" म्हणतात आणि लहान पोरालाही तो शब्द माहीत असतो. आपल्याकडे त्याचसाठी जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आहे, ते किती जणांना माहीत असेल.

मला सांगा, हे पाच मिनिटं बसमध्ये माईकवर सांगायला काय हरकत होती? माईकवर अंताक्षरी चालू होती. अंताक्षरीही असू द्या, पण ज्या माणसांना "दर्शनाला" नेऊन राहिले त्यांच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगा. रस्त्यात चौकात एक पुतळा दिसला, हातात धनुष्य, कोणीतरी विचारलं हे कोण, तर मॅनेजर म्हणाला असतील कोणी लोकल नेते. संपादक साहेब, ते अल्लुरी सीताराम राजू. इंग्रजांनी १८८२ चा जंगल कायदा लावून डोंगरउतारावर जंगल जाळून करायची पोडू शेती बंद पाडायला घेतली, रस्त्याच्या कामावर फुकट राबवलं, त्याविरुद्ध १९२२ ते १९२४ या डोंगरातल्या आदिवासींना घेऊन ते लढले, पोलीस ठाण्यांवर चालून जाऊन बंदुका काढून नेल्या, आणि १९२४ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडून मारलं. २०२२ मध्ये जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांचंच नाव दिलं, पाडेरू हे मुख्यालय. आम्ही ज्या जिल्ह्यात उभे होतो त्या जिल्ह्याचं नाव आहे ते, प्रत्येक पाटीवर लिहिलेलं. आपल्या चांद्याच्या बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांशी लढले म्हणून १८५८ मध्ये फाशी दिली, त्यांच्याबद्दल चंद्रपूरला आलेल्या पाहुण्याला कोणी असं सांगितलं तर आपल्याला कसं वाटेल?

आता त्या रात्रीचं.

कार्यक्रमपत्रिकेत "ट्रायबल नाइट" लिहिलं होतं, त्याचे माणशी ६०० रुपये वेगळे घेतले होते. रिसॉर्टच्या लॉनवर खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, मधे शेकोटी, एका बाजूला बुफे. थंडी इतकी की आम्ही स्वेटर, शाल, कानटोपी सगळं घालून बसलो होतो. साडेआठला एक टेम्पो आला, त्यातून बारा बाया आणि वाजवणारे चार पुरुष उतरले. बाया अनवाणी, पातळ साडी, केसात फुलं. धिमसा म्हणतात त्या नाचाला. हात पाठीमागून दुसरीच्या हातात गुंफायचे आणि सगळ्या मिळून एका अंगाने पुढे मागे, गोल, मग साप वळावा तशी रांग वळते, डफ आणि तुडुम वाजतो, मोरी म्हणून सनईसारखं वाद्य आहे ते वाजतं. सुंदर आहे हो! मला एकदम धानोऱ्याकडच्या गोंडांचा रेला नाच आठवला, लग्नात रात्र रात्र चालायचा, आम्हा नर्सबायांना ओढून नेऊन रांगेत घालायच्या त्या पोरी. मी पण टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ते मी लपवत नाही.

मग मॅनेजरने माईकवर सांगितलं की चला आता सगळ्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढा. लोक घुसले. कोणी डोक्यावरचं फूल काढून आपल्या केसात लावून पाहतंय, कोणी बाईच्या खांद्यावर हात टाकून उभा, एक गृहस्थ त्या बायांना हिंदीत सांगून राहिले की हसा हसा, दात दाखवा. माझ्या मिस्टरांनी मला म्हटलं जा, तू तर यांच्यातच राहिली, तुला येते ना त्यांची भाषा. मी गेली, रांगेत शिरली, माझी मोडकीतोडकी गोंडी काही कामाची नव्हती, तिथली बोली वेगळी, पण एका बाईने जागा करून दिली आणि माझा हात घेतला.

तो हात बर्फासारखा होता. मी आयुष्यभर बायांचे हात धरले आहेत, नाडी पाहायला, नखं पाहायला, ती सवय जात नाही. शेकोटीच्या उजेडात तिची नखं पाहिली तर पांढरीफटक. सव्वीस-सत्तावीसची असेल. मी खुणेने पोटावर हात ठेवून विचारलं मूल आहे का, तिने टेम्पोकडे बोट दाखवलं. टेम्पोत मागच्या बाजूला चादरीत गुंडाळलेलं लेकरू होतं, आठ-नऊ महिन्यांचं, एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर. मी काही डॉक्टर नाही आणि नखं पाहून कोणाला काय आहे ते मी सांगत नाही, पण विदर्भातल्या कोणत्याही नर्सला विचारा, आदिवासी पट्ट्यातली पांढरी नखं पाहिली की आधी रक्त तपासलं का हाच प्रश्न तोंडात येतो, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्याला थंडी किती वाईट ते आम्ही वॉर्डात पाहिलं आहे, पोरं रात्रभर सांधे धरून रडतात. अशा बाईला, असेल नसेल ते सोडा, कोणत्याही बाईला, जानेवारीच्या रात्री दवात अनवाणी दीड तास नाचवायचं आणि आपण शाली पांघरून पाहायचं.

आणि जेवण. बुफे उघडला, सात पदार्थ होते, वर गुलाबजाम. नाच संपला तशी ती मंडळी टेम्पोजवळ जाऊन बसली, किचनच्या मागे. मी ताट घेऊन मॅनेजरला म्हटलं, भाऊ त्यांना वाढा ना आधी. तो म्हणाला, "काकू त्यांचं जेवण पॅकेजमध्ये नाही, ते घरी जाऊन जेवतात." रात्रीचे दहा वाजले होते. तिथल्या वाजवणाऱ्यांपैकी एक जण रायपूरला मजुरीला राहून आलेला, त्याला हिंदी येत होती, त्याने नंतर सांगितलं की चैत्राच्या सणात धिमसाची टोळी या गावातून त्या गावात जाते आणि ज्या गावात नाचली त्या गावाने त्यांना जेवू घालायचं असतं, मग सगळे मिळून जेवतात, तोच सण. म्हणजे ज्या नाचात पाहुण्याला उपाशी पाठवतच नाहीत तो नाच आपण विकत घेतला आणि जेवण तेवढं काढून टाकलं. मी, माझे मिस्टर आणि अजून पाच-सहा जण होते, आम्ही आमची ताटं नेऊन दिली. ती पुरली नाहीत. सात-आठ ताटं सोळा माणसांत आणि एक लेकरू.

हिशोबही त्यानेच सांगितला. एका रात्रीचे ३००० रुपये टोळीला, त्यातले ५०० टेम्पोचे कापून. म्हणजे २५०० सोळा जणांत, माणशी दीडशेच्या थोडं वर. आमच्याकडून ६०० प्रमाणे ३४ जणांचे २०४०० घेतलेले. बुफे, शेकोटी, लॉनचं भाडं सगळं धरलं तरी, साहेब, मी रात्री खोलीत कागदावर मांडून पाहिलं, जमेना. मी ते मॅनेजरला दाखवलं. तो पोरगा वाईट नव्हता, पगारी माणूस, तो म्हणाला काकू रेट रिसॉर्टवाले ठरवतात आमच्या हातात काही नाही. रिसॉर्टच्या काउंटरवर विचारलं तर ते म्हणाले टूरवाले जेवढे देतात त्यातूनच आम्ही देतो. दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे.

दुसऱ्या दिवशी "गावाची सफर". हे त्याहून वाईट झालं.

बस एका वस्तीपाशी थांबवली, पंचवीस-तीस घरं, मातीच्या भिंती, खालचा पट्टा गेरूने रंगवलेला, इतकं स्वच्छ सारवलेलं अंगण की पाय ठेवायला जीव होईना. गावाला कळवलं नव्हतं. गावातलं कोणी घ्यायला आलं नाही. ३४ माणसं उतरली आणि सरळ घराघरात शिरली. एका अंगणात एक आजी कॉफीच्या बिया वाळत घालत होती, तिच्या बियांवरून लोक चालत गेले. एक बाई, आमच्याच ग्रुपमधल्या, शिकलेल्या, एरवी माझ्याशी फार गोड बोलणाऱ्या, त्या बूट घालून आतल्या खोलीत गेल्या आणि चुलीवरच्या मडक्यावरचं झाकण उचलून व्हिडिओ करू लागल्या की पाहा हे लोक काय खाऊन राहिले. आत त्या घरची सून होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तिने काहीच म्हटलं नाही. त्या न बोलण्याचा अर्थ लोक "किती साधी माणसं" असा काढतात.

गोंडाच्या घरात मी १९ वर्षांत न बोलावता आत गेली नाही. बाळंतपणाला बोलावलं असलं तरी आधी अंगणात थांबायचं, बाजेवर बसायचं, पाणी घ्यायचं, मग घरची बाई म्हणेल तेव्हा आत. आतल्या खोलीत त्यांचे देव असतात, पुरखे असतात, काही घरांत लग्न झालेली लेकसुद्धा तिथे जात नाही. हे तिथल्या कोंध, बगता, कोंडदोरा, पोरजा लोकांत कसं आहे ते मला माहीत नाही म्हणूनच मी उंबऱ्याच्या आत गेली नाही, माहीत नसेल तर बाहेर थांबावं, त्याला काही शिक्षण लागत नाही. आपल्या घरी, मानेवाड्याला नाहीतर धरमपेठेत, ३४ अनोळखी माणसं बेल न वाजवता घुसली, कुकरचं झाकण उघडून पाहू लागली, आपल्या सुनेचा व्हिडिओ काढू लागली तर आपण काय करू? पोलीस बोलावू.

निघताना बसच्या खिडकीतून चॉकलेटं फेकली. पोरं धुळीत पळाली, एक पडला, गुडघा फुटला, आणि बसमध्ये हसले लोक. मी उठून ओरडली. मला इतकं मोठ्याने ओरडताना माझ्या मिस्टरांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी खाली उतरून पोराचा गुडघा धुतला, पर्समध्ये पट्टी होती ती लावली. बसमध्ये मग शांतता होती, पण ती चांगली शांतता नव्हती, काही जण परत येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पण मला एक चांगलंही सांगायचं आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई जाऊच नका म्हणते. परतीला अनंतगिरीच्या घाटात बसचं टायर पंक्चर झालं. दीड तास लागणार होता. रस्त्याला लागून कॉफीचा मळा होता, एक पोरगा, बावीस-तेवीसचा, आतून आला आणि हिंदीत म्हणाला की पाहायचं असेल तर चला, माणशी ५० रुपये घेईन, झाडं तोडायची नाहीत, बायका काम करताहेत त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आम्ही अकरा जण गेलो. सगळ्या टूरमधला सर्वात चांगला तास तो. सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्या बुंध्यावर मिऱ्याचे वेल चढवलेले, खाली सावलीत कॉफी. त्याने एक लाल बोंड माझ्या तळहातावर दिलं, म्हणाला चावा. वरचा गर पातळ, चिकट, गोड, आणि आत दोन बिया एकमेकींकडे सपाट तोंड करून बसलेल्या, शेंगदाण्याच्या दोन डाळिंब्या असतात तशा. त्याच्या आजोबांच्या काळी या उतारावर पोडू होती, जंगल तोडून जाळून नाचणी पेरायचे, मग कॉफी आली. २०१९ मध्ये अराकूच्या कॉफीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद मिळाली, तिचं दुकान २०१७ पासून पॅरिसमध्ये आहे, हे तो अशा ताठ मानेने सांगत होता की मला माझा मुलगाच आठवला. कॉफी कोणाला विकता विचारलं तर म्हणाला काही गिरिजन को-ऑपरेटिव्हला, म्हणजे आदिवासींचा माल घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, काही व्यापाऱ्याला, व्यापारी ॲडव्हान्स देतो म्हणून मग त्यालाच द्यावी लागते. हे ऐकल्यावर मला धानोऱ्याचा मोहफुलाचा आणि हिरड्याचा बाजार डोळ्यासमोर आला, तिथेही असंच, गरजेला जो आधी पैसे देतो त्याच्याच घरी माल. आम्ही त्याच्याकडून अकरा जणांनी मिळून नऊ किलो कॉफी घेतली. कोणाला कमीपणा वाटला नाही, ना त्याला ना आम्हाला. तो त्याच्या घरचा मालक होता आणि आम्ही पाहुणे, इतकं सोपं होतं ते. ५० रुपये त्याने ठरवले, अटी त्याने ठरवल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. गावात जायचं की नाही, कधी, किती जणांनी, किती पैशांत, हे त्या गावाने ठरवावं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावाच्या कारभाराचा हक्क देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, ती काही हवेतली गोष्ट नाही. माझ्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे त्यांचं वाक्य महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? तिथेही खूप लोक पाहायला येतात, देशभरातून, पण येणारा ग्रामसभेला विचारून येतो, गोटूलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात बसतो, त्यांचं ऐकतो. त्या गावाला कोणी चॉकलेट फेकत नाही.

आणि हे दूरच्या आंध्रापुरतं नाही म्हणून आपल्या पेपरात लिहिते. आता मेळघाट, भामरागड, ताडोबाच्या काठची गावं, इकडेही "ट्रायबल व्हिलेज" दाखवणारी पॅकेजं निघून राहिली, मला व्हॉट्सॲपवर आल्या आहेत जाहिराती, त्यात रेला नृत्य आहे. नागपूर शहर मुळात गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं, आणि त्याच शहरातून बसा भरून गोंडांना पाहायला जायचं, तेही न विचारता. ज्या गावांत मी लसी घेऊन पायी गेली, जिथे पावसाळ्यात पेशंटला खाटेची कावड करून आणतात, जशी तिकडच्या डोंगरात डोलीतून आणतात, त्या गावांत उद्या हीच बस थांबेल. खाटेवरून पेशंट नेताना भेटला तर ते त्याचाही व्हिडिओ काढतील का, मला भीती वाटते.

टूर कंपन्यांना माझी विनंती आहे की न कळवता गावात बस नेणं बंद करा. नाच ठेवायचा असेल तर दिवसा ठेवा, त्यांचा रेट त्यांनाच विचारा, तो रेट कार्यक्रमपत्रिकेत छापा आणि त्यांना पंगतीत आधी बसवा. "दर्शन" शब्द काढा, दर्शन देवाचं घेतात नाहीतर प्राणीसंग्रहालयात जातात, माणसाकडे भेटायला जातात. गाइड त्या गावातला घ्या. आणि आपण प्रवाशांनी, बुकिंग करताना हॉटेल थ्री-स्टार आहे का, जैन जेवण मिळेल का हे सगळं विचारतो ना, तसं हेही विचारा की नाचणाऱ्यांना किती देता. पाच ग्रुपने विचारलं तर सहाव्याला ते स्वतःच सांगतील, धंदेवाल्यांना मी ओळखते.

मी आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसात फेब्रुवारीतच जाऊन लेखी दिलं आहे, पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही, जाहिरात आली.

तुमच्या जाहिरात विभागालाही एक विचारायचं होतं. माणसाचा फोटो छापताना त्याची परवानगी घेतली आहे का असं तुम्ही जाहिरातदाराला विचारता का? त्या बाईला तो फोटो नागपूरच्या पेपरात पानभर छापला आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. येत्या थंडीत मी परत जाणार आहे, त्या कॉफीवाल्या पोराचा नंबर माझ्याकडे आहे, तो म्हणाला तिचं गाव त्याला माहीत आहे, यावेळी टूरसोबत नाही, आम्ही दोघंच, तो पेपर सोबत नेऊन तिला दाखवीन आणि रक्त तपासलं का तेही विचारीन. नाचताना तिने मला तिचं नाव सांगितलं होतं, ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं मी तिला विचारलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
मानेवाडा, नागपूर